चौसष्ट लाकडी ठोकळे, तीन रंगांचे स्टिकर: तीन महिने हाताळल्यावर

डोळे मिटून एखादी वस्तू मनात आणा असं कुणी म्हटलं, की माझ्या मनात काहीच येत नाही. सफरचंद नाही, घर नाही, ठोकळा तर नाहीच. शाळेत रंगवलेल्या घनाचे प्रश्न यायचे: मोठ्या घनाला बाहेरून लाल रंग दिला, मग त्याचे चौसष्ट सारखे तुकडे केले, तर नेमक्या दोन पृष्ठांना रंग लागलेले तुकडे किती? वर्गातल्या मैत्रिणी छताकडे बघायच्या आणि आकडा सांगायच्या. मी सूत्र पाठ केलं होतं. सरळ प्रश्न आला तर मार्क मिळायचे. पण ‘तळाला रंग दिलेला नाही’ एवढं एक वाक्य प्रश्नात जास्त आलं, की पाठांतर तिथेच संपायचं. ती बोच इतकी वर्षं माझ्याबरोबर राहिली होती. यंदा बहिणीचा मुलगा तेच प्रश्न घेऊन माझ्याकडे बसायला लागला, तेव्हा मी हा संच मागवला.

पेटीत काय आहे ते आधी सांगते. फिकट लाकडाचे, दोन सेंटिमीटर कडेचे ६४ ठोकळे. लाल, निळ्या आणि पिवळ्या चौकोनी स्टिकरचा एकेक ताव, प्रत्येकावर ६० स्टिकर. चाळीस प्रश्नांची कार्डं, मागच्या बाजूला उत्तरं. आणि ठोकळे चार थरांत बरोब्बर बसतील असा उघडा लाकडी खोका. बॅटरी नाही, आवाज नाही, ॲप नाही.

स्टिकर ठोकळ्याच्या पृष्ठापेक्षा जरा लहान आहे. चारी बाजूंनी लाकडाची बारीक किनार दिसत राहते. आधी मला ते अपुरं वाटलं, मग त्याचा उपयोग कळला. रंगवलेला मोठा घन एकसंध दिसला तर त्यात किती ठोकळे आहेत ते पुन्हा मनातच आणावं लागलं असतं. किनारीमुळे प्रत्येक ठोकळा वेगळा मोजता येतो.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही तो तळ न रंगवलेला प्रश्न घेतला. चार बाय चार बाय चारचा घन रचला. वरचं पृष्ठ आणि बाजूची चार पृष्ठं रंगवायची, म्हणजे ८० स्टिकर, आणि लाल तर साठच. लाल संपले तिथून पुढे आम्ही निळे लावले. प्रश्नाला फक्त रंग आहे की नाही एवढंच हवं होतं. भाच्याने लावता लावताच उत्तर सांगून टाकलं.

“मावशी, सोळा. सगळा रंगवला असता तर चोवीस. तळाच्या चार कडा गेल्या, प्रत्येकीवरचे दोन दोन गेले, आठ कमी.”

ऐकायला चोख. मी एरवी मान डोलावली असती. पण ठोकळे समोर होते, म्हणून म्हटलं, फोडून बघू. थर एकेक करून उतरवले आणि कोऱ्या ठोकळ्यांचा ढीग वेगळा, एका रंगाच्या पृष्ठाचा वेगळा, दोनाचा वेगळा, तिनाचा वेगळा असे चार ढीग केले. दोनाच्या ढिगात वीस निघाले. त्याने पुन्हा मोजले. वीसच. मग त्याने ढिगातले ठोकळे एकेक करून त्यांच्या जुन्या जागी ठेवायला घेतले. तळाच्या कोपऱ्यातला ठोकळा हातात आला तेव्हा तो थांबला. त्या ठोकळ्याची खरं तर तीन पृष्ठं रंगायची. तळ कोरा राहिला म्हणून एक कमी झालं आणि तो दोनाच्या ढिगात आला. असे चार. चोवीस वजा आठ अधिक चार. मग एका पृष्ठाचे अठ्ठावीस, कोरे बारा, तीन पृष्ठांचे वरचे चार कोपरे, आणि बेरीज चौसष्ट. कार्डाच्या मागेही हेच आकडे होते, पण कार्ड उलटायची गरज त्याला वाटली नाही.

हा संच घ्यावा की नाही याचं माझं उत्तर त्या संध्याकाळीच ठरलं होतं. ज्याला मनात चित्र दिसतं त्याचाही हिशेब चुकतो. आणि ज्याला दिसत नाही त्याला कोपरा, कड आणि मधला भाग बोटांनी ओळखता येतात. कोपऱ्यातला ठोकळा उचलताना तीन बाजू मोकळ्या लागतात, कडेवरच्याच्या दोन, मधल्याची एक. आतला ठोकळा काढताच येत नाही, वरचा उचलल्याशिवाय. मी आता ठोकळा कुठला आहे ते न बघता सांगू शकते.

सूत्राचंही तसंच झालं. कडेला n ठोकळे असले तर तीन रंगीत पृष्ठांचे ८, दोनाचे १२ गुणिले (n − २), एकाचे ६ गुणिले (n − २) चा वर्ग, आणि कोरे (n − २) चा घन. हे मी शाळेपासून घोकत आले. पण ८, १२ आणि ६ हे आकडे शिरोबिंदू, कडा आणि पृष्ठांचे आहेत, एवढ्यापुढे मी कधी गेले नव्हते. एका कार्डावर वेगळाच प्रश्न आहे: (अ + ब) चा घन उलगडा आणि ब च्या जागी २ ठेवा. उलगडून बघा. अ चा घन, ६ अ चा वर्ग, १२ अ, ८. तेच चार आकडे, फक्त उलट क्रमाने. अ म्हणजे मधले ठोकळे आणि २ म्हणजे ओळीची दोन टोकं. एखादा ठोकळा लांबीच्या, रुंदीच्या आणि उंचीच्या दिशेने टोकाला आहे की मध्ये, एवढाच प्रश्न तीनदा विचारला, की सगळी विभागणी झाली. मी त्या रात्री ठोकळे आवरायचे सोडून ओळीची टोकं बाजूला सरकवत बसले होते. बीजगणिताच्या तासाला पाठ केलेली ती ओळ लाकडाच्या ठोकळ्यांत सापडेल असं मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

(याच वाटेने पुढे जाऊन भाच्याने विचारलं, की कोरे आणि एका पृष्ठाचे सारखे कधी होतात. n − २ बरोबर ६, म्हणजे कडेला ८ ठोकळे. २१६ आणि २१६. त्यासाठी ५१२ ठोकळे लागतील, तेवढे पेटीत नाहीत, पण प्रश्न त्याचा त्याला सुचला याचा मला फार आनंद झाला.)

आता तक्रारी, कारण त्या आहेत.

पहिली ठोकळ्यांच्या मापाची. सगळे ठोकळे दोन सेंटिमीटरचे नाहीत. चार ठोकळ्यांची ओळ पट्टीवर आठ भरायला हवी. माझ्या पेटीत एक ओळ आठ सेंटिमीटर दोन मिलिमीटर भरली. एका ठोकळ्यात हा फरक बोटाला कळतही नाही, पण चौथ्या थरापर्यंत मोठा घन एका बाजूला झुकतो आणि खोक्यात बसताना अडतो. जाडसर ठोकळे शोधून मी त्यांच्यावर पेन्सिलीने बारीक ठिपका केला आणि ते वेगवेगळ्या ओळींत वाटून टाकले. त्याने भागलं. पण असा संच बनवणाऱ्याने मापात तरी कुचराई करू नये.

दुसरी स्टिकरची. तीन रंगांचे मिळून १८० आहेत, पण चार कडेचा, म्हणजे कडेला चार ठोकळे असलेला, घन एकाच रंगात पूर्ण रंगवायला ९६ लागतात आणि एका रंगाचे साठच दिलेत. कार्डं मात्र सरळ म्हणतात, ‘सर्व पृष्ठे लाल करा’. मोठ्या माणसाचं निळ्यावर भागतं, लहान मुलांचा त्याने गोंधळ होतो. शिवाय तीन-चारदा काढून लावले की स्टिकरची टोकं उचलली जातात. आम्ही आता साध्या प्रश्नांना मऊ पेन्सिलीने फुली मारतो आणि खोडरबराने पुसतो. लाकडावर पुसटसा डाग राहतो, चालतं.

तिसरी तक्रार गंभीर आहे. सतरा नंबरच्या कार्डाचं उत्तर चुकलेलं आहे. चार कडेच्या घनाची समोरासमोरची दोन पृष्ठं लाल, दुसरी जोडी निळी, तिसरी पिवळी. फक्त लाल आणि निळा हे दोनच रंग असलेले ठोकळे किती? कार्ड म्हणतं १६. लाल आणि निळं पृष्ठ जिथे भेटतं अशा कडा चार, प्रत्येक कडेवर ठोकळे चार, म्हणून सोळा, असा त्यांनी हिशेब केला असणार. पण कडेच्या दोन्ही टोकांना कोपरे आहेत आणि कोपऱ्यावर पिवळाही आहे. ‘फक्त’ म्हटल्यावर ते सुटतात. उत्तर ८. आम्ही रचून, फोडून, ढीग करून पाहिलं. ज्या संचाचा सगळा भर हाताने पडताळण्यावर आहे त्यानेच कार्ड छापण्याआधी ठोकळे रचून पाहू नयेत, हे मला खटकलं. मी बनवणाऱ्यांना कळवलं. लाल स्टिकरचा जादा ताव त्यांनी पाठवला, कार्डाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

तरी कार्डांची भाषा चांगली आहे, हे सांगायलाच हवं. आपण बोलताना सगळ्यालाच ‘बाजू’ म्हणतो. चौरसाची बाजू म्हणजे रेघ, ठोकळ्याची बाजू म्हणजे अख्खा चौरस, आणि मुलं इथेच गोंधळतात. कार्डांवर पृष्ठ, कड, शिरोबिंदू हे शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच अर्थाने येतात. ‘लगतचे’ आणि ‘समोरचे’ हा भेद तर जवळजवळ प्रत्येक प्रश्नात आहे. सतराव्याच कार्डावर रंगांच्या जोड्या समोरासमोर न ठेवता लगतच्या पृष्ठांवर ठेवा, म्हणजे वर आणि पुढे लाल असं काही, आणि हिशेब लगेच बदलतो: लाल पृष्ठं जिथे एकमेकांना भेटतात त्या कडेवर आता दोन रंगीत पृष्ठं पण रंग एकच, असे ठोकळे येतात.

हा भेद हातात मुरावा म्हणून दोन कार्डं मला विशेष आवडली. एकात दोनच रंग घ्यायचे, लाल आणि निळा, आणि एकाच ठोकळ्याची सहा पृष्ठं किती वेगळ्या प्रकारे रंगवता येतात ते शोधायचं. फिरवल्यावर सारखे दिसणारे दोन ठोकळे एकच धरायचे. आम्ही ठोकळे रांगेत मांडत गेलो. लाल एकही नाही, एक प्रकार. एक लाल, एक प्रकार. दोन लाल, दोन प्रकार: लगतचे किंवा समोरचे. तीन लाल, पुन्हा दोन: एका शिरोबिंदूभोवतीचे तिघे, किंवा समोरासमोरचे दोन आणि त्यांना जोडणारा एक, पट्ट्यासारखा. मग पुढे तोच क्रम उलटा. एकूण दहा. भाच्याने अकरावा म्हणून एक ठोकळा आणला, मी तो हातात घेऊन फिरवत राहिले, आणि तिसऱ्या वळणावर तो रांगेतल्या पाचव्याशी जुळला.

दुसऱ्या कार्डावर चार ठोकळ्यांचं जुनं कोडं आहे, जे १९६० च्या दशकाच्या शेवटी ‘इन्स्टंट इन्सॅनिटी’ या नावाने खूप खपलं. चार ठोकळे, चार रंग. ते एका ओळीत असे ठेवायचे की ओळीच्या चारी लांब बाजूंवर प्रत्येक रंग एकेकदाच दिसावा. पेटीत रंग तीन, चौथा रंग कोरं लाकूड. हे मला फार हुशारीचं वाटलं. एक ठोकळा ठेवायचे २४ प्रकार: तळाला सहापैकी कुठलंही पृष्ठ, मग चार दिशांना फिरवा. पहिल्या ठोकळ्याच्या बाबतीत कुठली समोरासमोरची जोडी ओळीच्या टोकांना दडते तेवढंच महत्त्वाचं, म्हणून ३. पुढच्या तिघांचे २४, २४, २४. गुणाकार ४१,४७२. हे सगळे प्रकार करून बघत बसलं तर माणूस कंटाळून जाईल. युक्ती अशी, की ठोकळा विसरायचा आणि त्याच्या समोरासमोरच्या तीन जोड्या कागदावर लिहायच्या. पुढच्या आणि मागच्या ओळीसाठी प्रत्येक ठोकळ्यातून एक जोडी, अशी की प्रत्येक रंग दोनदा यावा. मग वरच्या-खालच्या ओळीसाठी न वापरलेल्या जोड्यांतून तसंच. चार रंगांचे चार ठिपके, बारा जोड्यांच्या त्यांना जोडणाऱ्या बारा रेघा, बस. मनात काही फिरवायची गरजच नाही. माझ्यासारखीला ही पद्धत देणगीसारखी वाटली.

पण या संचातलं रत्न म्हणजे एकोणचाळीसावं कार्ड. सत्तावीस ठोकळे घ्या. ते असे रंगवा की त्यांचा तीन कडेचा घन बाहेरून पूर्ण लाल रचता येईल. मोडून पुन्हा रचला तर पूर्ण निळा. आणि पुन्हा मोडून पूर्ण पिवळा.

सत्तावीस ठोकळ्यांची पृष्ठं १६२. एका रंगाच्या घनाला बाहेरून लागतात ५४. तीन रंगांचे १६२. म्हणजे एकही पृष्ठ कोरं राहायची सोय नाही. आम्ही लाल घन रचला, स्टिकर लावले, मोडला, सगळा लाल आत लपवून पुन्हा रचला, निळे लावले. इथवर मजेत. तिसऱ्यांदा रचायला घेतला आणि कडेवर ठेवायचा एक ठोकळा हातात आला, ज्याची उरलेली दोन पृष्ठं होती डावं आणि उजवं. समोरासमोर. कडेवर बसवायचा तर मोकळी पृष्ठं लगतची हवीत. त्याला लाल वर आणि पुढे लागला होता, निळा खाली आणि मागे. दोन्ही जोड्या आपापल्या जागी ठीक, पण तिसऱ्या रंगासाठी काही उरलंच नाही. निळा मागे आणि उजवीकडे लावला असता तर खालचं आणि डावं पृष्ठ उरलं असतं, आणि ती दोघं शेजारी आहेत.

मग चार संध्याकाळी हेच. दुसऱ्या संध्याकाळी भाच्याने स्टिकर बाजूला ठेवले आणि वही घेतली. प्रत्येक रंगात आठ ठोकळे कोपऱ्यावर जाणार, म्हणजे त्यांची तीन पृष्ठं त्या रंगाची. बारा कडेवर, दोन पृष्ठं. सहा पृष्ठांच्या मधोमध, एक पृष्ठ. आणि एक पोटात, त्यावर तो रंगच नाही. प्रत्येक ठोकळ्याच्या तीन रंगांची बेरीज सहा, आणि कुठलाही आकडा तीनपेक्षा मोठा नाही. मग ठोकळे तीनच जातींचे असू शकतात: तीन-तीन-शून्य, तीन-दोन-एक, आणि दोन-दोन-दोन. शून्य प्रत्येक रंगाला एकदाच, म्हणून पहिल्या जातीचे तीन ठोकळे. एक प्रत्येक रंगाला सहादा, म्हणून दुसऱ्या जातीचे अठरा. उरले सहा, ते तिसऱ्या जातीचे. कोपरे मोजून बघितले: आठ येतात. कडा: बारा येतात. रंगवायच्या आधीच, एकही ठोकळा न हलवता, सगळ्या सत्तावीस जणांचं काम ठरलं होतं. वहीचं ते पान मी जपून ठेवलं आहे.

अठरा ठोकळे मग सोपे गेले, कारण एका शिरोबिंदूभोवतीची तीन पृष्ठं एका रंगाची केली की समोरच्या शिरोबिंदूभोवतीची उरलेली तिघंही एकमेकांची शेजारीच असतात. त्यांतली कुठलीही दोन निवडा. जपायचं ते फक्त दोन-दोन-दोनच्या सहा ठोकळ्यांना. चौथ्या संध्याकाळी लाल, निळा, पिवळा, तिन्ही घन ओळीने झाले. पिवळा शेवटचा. त्यातला शेवटचा कोपरा भाच्याने मला ठेवायला दिला.

बाकीची कार्डं मध्यम आहेत. घनाच्या घडणींची, म्हणजे घन उलगडून सपाट केल्यावर मिळणाऱ्या आकारांची, तीन-चार आहेत, त्यांना ठोकळ्यांपेक्षा कागद आणि कात्रीच बरी. अकराच्या अकरा घडणी आम्ही कागदावर कापून केल्या. फाशांची कार्डं ठीक. सहा रंगांनी ठोकळा रंगवायचे ३० प्रकार असतात ते शेवटचं कार्ड विचारतं, हे मात्र तीन रंगांच्या पेटीवर जरा अन्यायाचं आहे. आम्ही अक्षरं लिहून ते केलं. मोठा घन कापायच्या प्रश्नाचं स्पष्टीकरण छान दिलंय: तुकडे हवे तसे रचून कापले तरी सत्तावीससाठी सहा काप लागतातच, कारण अगदी मधल्या तुकड्याच्या सहाही पृष्ठांना काप द्यावा लागतो आणि एका कापात त्याचं एकच पृष्ठ मोकळं होतं.

एकमेकांत अडकणारे प्लॅस्टिकचे ठोकळे माझ्याकडे आधीपासून होते. ते पडत नाहीत हे खरं, पण प्रत्येक ठोकळा सगळीकडून एकाच रंगाचा, त्यामुळे या प्रश्नांना निरुपयोगी. पडद्यावर फिरणारा घनही वापरून पाहिला. फिरतो सुंदर, पण त्याच्या आतला ठोकळा मला काही काढून दाखवत नाही.

एकट्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला पेटी देऊन सोडून देऊ नका. पहिली दहा कार्डं कुणीतरी बरोबर बसून करावी. सतरावं कार्ड घेताना मागचं उत्तर खोडून ८ लिहा. स्टिकरचा जादा ताव मागून घ्या.

आमच्याकडे सध्या चौसष्ट ठोकळे आणि चार रंगांचा प्रश्न चालू आहे, कार्डावर नसलेला. ३८४ पृष्ठं, प्रत्येक रंगाला ९६, हिशेब तर जुळतो. चौथा रंग पुन्हा कोरं लाकूड. वहीत आता चार रांगांचा तक्ता आहे आणि भाचा म्हणतो, या वेळी जाती तीनपेक्षा जास्त निघणार.